वेळ जखमेचा किती आणि दवाखान्याचा किती?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त करून): "आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. वडिलांचे, म्हणजे तात्यांचे, वय ६३. चाळीस वर्षे तंबाखूची सवय होती. वरच्या जबड्याचा कर्करोग निघाला आणि साडेचार महिन्यांपूर्वी मिरजेत शस्त्रक्रिया झाली. त्यात उजव्या बाजूचा जबडा, अर्धी टाळू आणि उजवा डोळा पापण्यांसह काढावा लागला. किरणोपचार संपून पाच आठवडे झाले. ऑपरेशननंतर टाळूची पोकळी झाकायला दिलेली तात्पुरती प्लेट आता ढिली झाली आहे. चहा नाकातून येतो, बोलणे गेंगाणे झाले आहे आणि तात्या पडवीत भिंतीकडे तोंड करून जेवतात. सांगलीतल्या कृत्रिम दातांच्या तज्ज्ञांनी सांगितले की कायमच्या प्लेटचे काम आणखी दोन महिन्यांनी सुरू करू, सात-आठ फेऱ्या होतील आणि ४८,००० रुपये लागतील. त्यानंतर डोळ्याच्या जागी बसवायच्या सिलिकॉनच्या भागाचे वेगळे ३५,०००. दुसऱ्या एका दवाखान्यात चार दिवसांत, १४,००० रुपयांत प्लेट करून देतो म्हणाले. पाहुणे म्हणतात, पहिले डॉक्टर वेळ काढून पैसे वाढवत आहेत. आणि काचेचा डोळा तर बाजारात स्वस्तात मिळतो. धाकटा भाऊ म्हणतो की तात्यांना नीट खाता आले तरच पैसे, असे आधीच ठरवून घ्यावे. आम्ही काय करावे?"

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

पाहुण्यांच्या शंकेपासूनच सुरुवात करतो, कारण ती अनेक घरांत येते आणि तिच्यात काही अंशी तथ्यही असते. दंतवैद्यकाच्या, विशेषतः कृत्रिम अवयवांच्या कामात वेळ दोन प्रकारचा असतो. एक वेळ जखमेचा, म्हणजे शरीर भरून येण्याचा. त्यावर रुग्णाचा अधिकार चालत नाही आणि डॉक्टरांचाही नाही. दुसरा वेळ दवाखान्याचा; तो कमी करता येतो, त्याबद्दल विचारता येते आणि गरज पडली तर भांडताही येते. तज्ज्ञांनी सांगितलेले "आणखी दोन महिने" पहिल्या प्रकारात मोडतात. शिवाय थांबायला सांगणाऱ्या डॉक्टरांना त्या थांबण्याचे पैसे मिळत नाहीत; उलट रुग्ण दुसरीकडे जाण्याची जोखीम त्यांनी घेतलेली असते. तेव्हा एवढ्या एका गोष्टीवरून त्यांच्या हेतूवर संशय घेऊ नये.

टाळूचा भाग काढल्यावर तोंड आणि नाक यांच्यामध्ये जी पोकळी उरते, ती शस्त्रक्रियेच्या दिवशी असते तशी राहत नाही. जखम भरताना कडा आत ओढल्या जातात, पोकळीचा आकार बदलत जातो, आणि म्हणूनच पहिल्या दिवसांत घट्ट बसणारी प्लेट तीन-चार महिन्यांत ढिली होते. तात्यांची प्लेट ढिली होणे हा कोणाच्या कामातला दोष नाही. ती तात्पुरतीच असते आणि तिने आपले काम केले आहे. एरवी कायमची प्लेट शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन ते सहा महिन्यांनी करतात. मध्ये किरणोपचार झाले असतील तर हा काळ लांबतो, कारण किरणांनी तोंडातले आतले आवरण नाजूक आणि कोरडे झालेले असते, त्यावरची सूज ओसरायची असते आणि त्या काळात घेतलेले माप पुढे टिकत नाही. आपण दिलेल्या तारखांवरून हिशेब केला तर काम सुरू होईल तेव्हा शस्त्रक्रियेला साडेसहा महिने आणि किरणोपचार संपल्याला तीन महिने झालेले असतील. मीही एवढेच सांगितले असते.

हे मी पुस्तकावरून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या सांगलीच्या दवाखान्यात असेच एक गृहस्थ आले होते. वैशाखात मुलीचे लग्न होते आणि मांडवात सगळ्यांबरोबर जेवता यावे एवढीच त्यांची इच्छा होती. किरणोपचार संपून जेमतेम सात आठवडे झाले होते, तरी त्यांच्या आग्रहाला आणि खरे सांगायचे तर स्वतःच्या हाताच्या खात्रीला भुलून मी कायमची प्लेट, धातूच्या सांगाड्यासह, करून दिली. लग्न पार पडले. आषाढात ते परत आले तेव्हा प्लेटच्या एका कडेने पाणी गळत होते आणि दुसरी कडा टोचून व्रण झाला होता. किरणोपचार झालेल्या तोंडातला व्रण म्हणजे साधा फोड नव्हे, तो लवकर भरत नाही. प्लेट पुन्हा करावी लागली. लॅबचे दुसरे बिल मी भरले, परंतु त्या गृहस्थांना आणखी तीन महिने पातळ पेजेवर काढावे लागले ते माझ्या घाईमुळेच.

आता चार दिवसांच्या प्लेटबद्दल. चार दिवसांत प्लेट होऊ शकते. तो दवाखाना खोटे बोलत आहे असे मी म्हणणार नाही. परंतु होईल ती आणखी एक तात्पुरती प्लेट. तिची किंमत १४,००० म्हणजे कायमच्या प्लेटच्या तुलनेत स्वस्त, असे आपण धरून चाललात. खरी तुलना आहे ती आत्ता तोंडात असलेल्या प्लेटच्या दुरुस्तीशी. जुन्या प्लेटच्या पोकळीत बसणाऱ्या भागावर मऊ अस्तर चढवून ती पुन्हा घट्ट करता येते, बहुधा एकाच फेरीत, आणि अस्तर खराब झाले की बदलता येते. पोकळीचा आकार बदलत आहे तोपर्यंत हाच शहाणपणाचा खर्च आहे. म्हणून आपल्या तज्ज्ञांना दोन महिन्यांनी नव्हे, याच आठवड्यात भेटा आणि सांगा की थांबायला आमची हरकत नाही, परंतु मधल्या दोन महिन्यांत तात्यांच्या चहाचे काय? ही सोय त्यांनी स्वतःहून सांगायला हवी होती, असे माझे मत आहे. रुग्णाला नुसते "थांबा" सांगून घरी पाठवले की तो चार दिवसांच्या प्लेटकडे वळणारच.

घाईचा आणखी एक तोटा सांगून ठेवतो. प्लेटचा गुलाबी पदार्थ म्हणजे ॲक्रिलिक. तो नीट पक्का व्हायचा तर साच्यात भरून साधारण ७४ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात रात्रभर, आठ-नऊ तास ठेवणे ही जुनी आणि भरवशाची रीत आहे. कमी वेळाच्या रीतीही आहेत, परंतु उष्णता एकदम वाढवली तर आत बारीक बुडबुडे राहतात. उष्णतेशिवाय पंधरा-वीस मिनिटांत घट्ट होणारे ॲक्रिलिकही मिळते. दुरुस्तीला ते उत्तम. पण त्यात कालवलेला द्रव न मुरता जास्त शिल्लक राहतो, तो तोंडातल्या आवरणाला झोंबू शकतो, आणि तात्यांचे आवरण आत्ता तसे झोंबणे सोसण्याच्या स्थितीत नाही.

सात-आठ फेऱ्या कशासाठी, हे मात्र आपल्याला कोणी समजावून सांगितलेले दिसत नाही. साध्या पूर्ण कवळीलाही नेमाने पाचेक फेऱ्या होतात: पहिले माप, मग तोंडाच्या हालचालींसह दुसरे माप, मग मेणाच्या कडांवर दोन्ही जबड्यांचा मेळ, मग मेणात बसवलेले दात लावून पाहणे, आणि शेवटी कवळी देणे. तात्यांच्या बाबतीत यात टाळूची पोकळी येते. माप घेण्याआधी त्या पोकळीच्या खोल कोपऱ्यांत दोरा बांधलेला गॉजचा बोळा ठेवावा लागतो, नाहीतर मापाचा पदार्थ आत शिरून अडकून बसतो. मग पोकळीत जाणाऱ्या भागाच्या कडेला थोडे थोडे मऊ केलेले मापाचे मिश्रण लावून रुग्णाला मान डावीकडे-उजवीकडे वळवायला, खाली वाकायला, खालचा जबडा दोन्ही बाजूंना सरकवायला आणि आवंढा गिळायला सांगतात, म्हणजे हालचालीत स्नायू जिथे येतात तिथे कड तेवढी दबते. हे एकदा करून भागत नाही. मी शेवटी रुग्णाच्या नाकाखाली छोटा आरसा धरून "काका पापड खातात" असे म्हणायला लावीत असे. आरशावर वाफ आली, किंवा पापडाचा "मामड" ऐकू आला, की समजावे, हवा अजून नाकात जाते आहे. मग पुन्हा कड वाढवायची आणि पुन्हा पापड. यात एकेक तास जातो, आणि तोंड पुरते उघडत नसेल तर त्याहून अधिक. पोकळीत बसणारा भाग आतून पोकळ ठेवावा लागतो, कारण भरीव केला तर वजनाने प्लेट खाली ओढली जाते आणि ती धरून ठेवणाऱ्या उरलेल्या दातांवर ताण येतो. हे पोकळ करण्याचे काम लॅबमध्ये वेगळे असते. धातूचा सांगाडा असेल तर तो ओतून आल्यावर तोंडात बसवून पाहण्याची आणखी एक फेरी.

म्हणून सात-आठ हा आकडा मला अवाजवी वाटत नाही. अवाजवी काय असते तेही सांगतो. फेरी ठरलेली, आपण बागेतले काम टाकून एसटीने सांगलीत येता, दोन तास बाकावर बसता आणि मग कळते की लॅबमधून काम आलेले नाही; किंवा खुर्चीवर दहा मिनिटे बसवून अर्धे माप घेतले जाते आणि "पुढच्या मंगळवारी या" म्हणतात. हा दवाखान्याचा वेळ. यावर आपण आधीच स्पष्ट बोलावे: आम्ही बाहेरगावचे आहोत, तेव्हा एकाच दिवशी होण्यासारखी कामे एकाच दिवशी घ्यावीत, आणि काम तयार आहे याची खात्री करून आदल्या संध्याकाळी फोन करावा. जबड्यांचा मेळ आणि दातांचा रंग निवडणे एकाच बैठकीत होते. सकाळी माप देऊन संध्याकाळी पुढचे काम काही वेळा होऊ शकते. मेणात दात लावून पाहण्याची फेरी मात्र कधीही गाळू देऊ नका. त्या टप्प्यावर दात हलवणे मिनिटांचे काम असते, पक्के झाल्यावर ते जवळजवळ नव्याने करणे असते.

आता पैसे. ४८,००० जास्त की रास्त, हे नुसत्या आकड्यावरून मी सांगणार नाही आणि कोणी सांगितले तर आपण मानू नये, कारण त्या आकड्यात काय काय धरले आहे हे आपल्या पत्रात नाही. खासगी दंतवैद्यकाचे सरकारने ठरवलेले दरपत्रक नसते. शिवाय या कामात आपण वस्तूचे पैसे देत नसून तज्ज्ञाच्या खुर्चीवरल्या तासांचे, लॅबच्या कामाचे आणि नंतरच्या दुरुस्त्यांचे पैसे देतो. आणि भांडणे होतात ती बहुतेक या तिसऱ्या गोष्टीवरून. प्लेट हातात मिळाली म्हणजे काम संपले, अशी रुग्णाची समजूत असते. प्रत्यक्षात पहिल्या दोन-तीन महिन्यांत कडा टोचतात, त्या घासाव्या लागतात, आणि या फेऱ्या मूळ शुल्कात धरल्या नसतील तर स्वस्त प्लेट महाग पडते.

म्हणून डॉक्टरांकडून एक साधा कागद मागा. त्यावर प्लेट धातूच्या सांगाड्याची की नुसत्या ॲक्रिलिकची हे असावे. लॅबचे बिल रकमेत धरले आहे की वेगळे. किती फेऱ्या अपेक्षित आहेत. दिल्यानंतर किती महिने घासणे-जुळवणे त्याच पैशांत होईल. आणि पोकळी आणखी बदलली तर नवे अस्तर चढवण्याचे काय पडेल. हा कागद आपल्या मनात संशय आहे म्हणून नव्हे, तर तात्यांना, आपल्याला आणि भावाला एकच गोष्ट कळावी म्हणून हवा आहे, असे सांगितले तर चांगला डॉक्टर रागावत नाही. रागावला तर तेही उपयोगाचे उत्तर आहे. पैसे एकरकमी देऊ नका. काम सुरू होताना लॅबचा खर्च निघेल एवढे, मेणातले दात आपल्याला पसंत पडल्यावर काही, देताना काही, आणि थोडी रक्कम पहिल्या तपासणीनंतर, असे हप्ते रास्त आहेत आणि अनेक दवाखाने ते मान्य करतात. प्रत्येक हप्त्याची पावती घ्या. शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. त्या वाटेने जाण्याची वेळ येऊ नये, पण पावती असावी.

धाकट्या भावाची सूचना भावनेने समजण्यासारखी असली तरी ती मांडू नका. "गुण आला तरच पैसे" असा करार करणे वैद्यकीय आचारनियमांनी अनैतिक ठरवले आहे, आणि त्यामागे कारण आहे. तात्यांना किती खाता येईल हे प्लेटवर जेवढे अवलंबून आहे तेवढेच उरलेले दात, तोंड किती उघडते आणि लाळ किती सुटते यांवर आहे. अशा अटीवर काम घेणारा डॉक्टर एकतर अवघड रुग्ण नाकारील किंवा जोखमीचे पैसे आधीच आकड्यात घालील. कागदावर फेऱ्या आणि दुरुस्त्या लिहून घेणे हीच भावाच्या म्हणण्याची योग्य आवृत्ती होय.

डोळ्याबद्दल पाहुण्यांचा गोंधळ झाला आहे. बाजारात मिळतो तो तयार डोळा म्हणजे पापण्या शाबूत असताना त्यांच्या आत बसणारी वाटी. तात्यांच्या पापण्याच राहिलेल्या नाहीत, तेव्हा ती वाटी बसवणार कोठे? त्यांना लागेल तो डोळा, पापण्या आणि भोवतालची त्वचा असा मिळून सिलिकॉनचा एक भाग, जो चिकटद्रव्याने किंवा चष्म्याच्या आधाराने बसतो. त्यातली पापणीची घडी मेणात कोरावी लागते, आणि डाव्या डोळ्याशी नजर जुळवायला तात्यांना समोर बसवून, लांबवर पाहायला सांगून बुबुळाची जागा ठरवावी लागते. ती दोन मिलिमीटर चुकली तरी माणूस तिरळा दिसतो. रंग सिलिकॉनमध्ये थेंबाथेंबाने मिसळून, खिडकीशी, दिवसाउजेडी जुळवतात. संगणकावर स्कॅन करून डाव्या बाजूची उलटी प्रतिमा घेण्याची सोय आता काही ठिकाणी आहे, आणि तिने कोरण्याचे काम कमी होते. रंगाचे आणि बसवून पाहण्याचे होत नाही. हे काम प्लेटनंतरच करावे, हा डॉक्टरांचा क्रम बरोबर आहे, कारण प्लेट बसली की आतून आधार मिळून गालाचा उंचवटा बदलतो.

या भागाबद्दल मात्र एक प्रश्न आपण विचारलाच पाहिजे, कारण तो सहसा कोणी सांगत नाही. सिलिकॉनचा भाग जन्मभर टिकत नाही. ऊन, घाम, चिकटद्रव्य आणि रोजची हाताळणी यांनी रंग उतरतो, कडा फाटतात, आणि एक ते तीन वर्षांत नवा करावा लागतो. बागेत उन्हात वावरणाऱ्या माणसाचा बहुधा लवकर. म्हणून ३५,००० पहिल्याचे असतील तर दुसऱ्याचे किती, आणि साचा जपून ठेवणार का, हे विचारा. साचा जपलेला असेल आणि चेहरा बदललेला नसेल तर दुसऱ्या वेळी बरेच काम वाचते, तसे शुल्कही कमी व्हायला हवे. उन्हाळ्यात तात्यांची त्वचा किती रापते तेही सांगून ठेवा. रक्कम जमत नसेल तर डोळ्याचे काम वर्षभर पुढे ढकलले तरी शरीराचे नुकसान नाही, तोपर्यंत स्वच्छ पट्टी किंवा काळा चष्मा चालतो. प्लेट पुढे ढकलू नये.

पैशांची ओढाताण असेल तर आणखी एक वाट आहे. सांगलीचे भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय, तासगाव रस्त्यावर कवलापूरचे वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय आणि कराडचे कृष्णा विश्व विद्यापीठाचे दंत महाविद्यालय आपल्याला जवळ आहेत. अशा ठिकाणी काम पदव्युत्तर विद्यार्थी करतात आणि प्राध्यापक प्रत्येक टप्पा तपासतात, त्यामुळे शुल्क खासगीपेक्षा बरेच कमी आणि फेऱ्या जास्त, असा तो व्यवहार असतो. आठाच्या बारा फेऱ्या झाल्या तर एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज धरून किती वाचते, हे घरी मांडून पाहा. तेथे गेल्यावर टाळूच्या प्लेटची आणि चेहऱ्याच्या भागांची कामे विभागात नियमित होतात का, हे आधी विचारा. सगळीकडे होत नाहीत. शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली असेल तर त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून कृत्रिम भागासाठी काही मंजूर होते का हेही विचारून घ्या, आणि उत्तर "होईल बघू" असे आले तर ते नाही असेच समजून नियोजन करा.

या दोन महिन्यांत तात्यांनीही काही करायचे आहे. किरणोपचारानंतर तोंड हळूहळू आखडत जाते. आत्ता त्यांची स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि काही दिवसांनी एकेक वाढवायची, असा व्यायाम डॉक्टरांना विचारून दिवसातून काही वेळा करावा. तोंड उघडले नाही तर ४८,००० ची प्लेट आत जाणारच नाही. उरलेले दात हे प्लेटचे खांब आहेत. लाळ कमी झाल्याने ते झपाट्याने किडतात, म्हणून रोज फ्लोराइड लावण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. एखादा दात दुखला तर गावातल्या दवाखान्यात जाऊन परस्पर काढून घेऊ नये, कारण किरण दिलेल्या जबड्याचे हाड दात काढल्यावर सडू शकते. किरणोपचार देणाऱ्या डॉक्टरांना आधी विचारलेच पाहिजे. तंबाखू सुटली असेल, पण मिश्री ही तंबाखू नव्हे असे आपल्या भागात समजतात. तीही बंद.

भेटीला जाताना किरणोपचाराचा कागद न्या, ज्यावर किती मात्रा आणि कोणत्या भागाला दिली हे असते. सध्याची प्लेट पाण्याच्या डबीत घालून न्या, कोरडी रुमालात गुंडाळून नको. तात्यांचा रोजचा चष्मा न्या. आणि आजाराआधीचा, समोरून काढलेला, दोन्ही डोळे उघडे दिसणारा एखादा फोटो शोधून ठेवा. स्टुडिओत रंग उजळलेला नव्हे, बागेत किंवा अंगणात उन्हात काढलेला असेल तो.